कूप नंबर सातचा टोळ

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. बी.एस्सी. होऊन नागपूरहून घरी आले होते, नोकरीचं कुठे काही दिसत नव्हतं, आणि आलापल्लीत दिवसभर करायचं काय, हा रोज सकाळी नव्याने पडणारा प्रश्न होता. अर्ध्या ताटावरून उठायचं, दारात जाऊन पोस्टमन दिसतो का बघायचं, परत येऊन दोन घास खायचे, की पुन्हा उठायचं. माय वैतागायची. “बस नं वं एका जागी! अन्नाले तरी मान दे,” म्हणायची. आमचं घर लाकडाच्या डेपोला लागून होतं. सकाळपासून ओंडके गडगडत, मजुरांची हाळी चाले, ट्रक मागे सरकताना क्लीनर गाडीवर थापा मारत राही, आणि या सगळ्यात मधूनमधून लोखंडी हातोड्याचा ठणका ऐकू येई. तो बाबांचा हातोडा. आता सत्तरी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, तरी एक कप चहा संपेस्तोवर मी दोनदा उठते. तेव्हा तर माझ्या अंगात नुसती वळवळ होती.

त्या वळवळीला एक कारणही होतं. कॉलेजातले आमचे प्राणिशास्त्राचे पिंपळकर सर चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलांतले नाकतोडे गोळा करून त्यांची यादी करणार होते. दोन वर्षांचं काम, आणि हाताखाली एक माणूस हवा. मी घरी निघाले तेव्हा ते म्हणाले होते, “दिवाळीनंतर मला तुझा संग्रह पाठव. बरा असला तर तुला घेतो.” एवढंच. सरांना जास्त बोलायची सवय नव्हती. पण मला ते काम इतकं हवं होतं, की दुसरं काही सुचत नसे. मला लोकांच्या लग्नात वाढायचं नव्हतं, कोणाच्या शाळेत पोरांना गणित शिकवायचं नव्हतं. मला जाळी घेऊन रानात हिंडायचं होतं आणि त्यासाठी कोणीतरी मला रीतसर पाठवावं, असं वाटत होतं.

नाकतोडा म्हटलं की लोकांना एकच हिरवा किडा दिसतो. मलाही तोवर तसंच वाटे. सरांनी पहिल्याच तासाला दोन किडे समोर ठेवले आणि विचारलं, यांचे कान कुठे आहेत? आम्ही अर्थातच डोकं बघितलं. डोक्यावर कान नव्हतेच. आखूड मिशांच्या टोळाचा कान त्याच्या पोटाच्या पहिल्या कड्यावर, पंखाखाली असतो. लांब, केसासारख्या मिशांच्या किड्याचा पुढच्या पायाच्या नळीवर. एकाच मोठ्या घराण्यातल्या या दोन शाखा. टोळ मागची तंगडी पंखावर घासून आवाज काढतात. लांब मिशावाले आणि त्यांचे भाऊबंद रातकिडे पंखावर पंख घासतात. मग त्यातही पोटघराणी. कोणाचं तोंड तिरपं, कोणाच्या पाठीवरची ढाल शेपटीपर्यंत लांबलेली, कोणी रुईच्या झाडावर राहणारा पिवळा-निळा, आणि कोणी वरून मातकट पण उडाला की मागच्या पंखावर गुलाबी नाहीतर पिवळा रंग आणि काळा पट्टा दाखवणारा. हे शेवटचे उघड्या जमिनीवरचे, वाळूतले, खडकावरचे. मला ही वाटणी बघून फार बरं वाटायचं. आमच्या घरी दर पाहुण्याला कोण कोणाचं कोण लागतं हे विचारत बसायची रीत होतीच. मी तेच किड्यांना विचारत होते.

संग्रह तयार झाला तो मायच्या सैपाकघरात, कारण उजेड तिथेच बरा येई. एका बाजूला चुलीवर लाखोळीची डाळ शिजतेय, अंबाडीच्या भाजीचा आंबट वास सुटलाय, आणि मी तांदूळ पाखडायच्या सुपात मेलेले नाकतोडे ओळीने मांडून बसले आहे. एकदा मायनं ते सूप न बघताच उचललं आणि तांदूळ ओतला. त्या दिवशी घरात जे झालं ते लिहीत नाही. “हे का पोरीचं शिक्षन हाय? तीन वर्सं नागपूरले राहून किडे मारून राह्यली!” असं ती शेजारणीला सांगे. पण तिनंच जुन्या मच्छरदाणीची जाळी शिवून दिली होती, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून पेटीखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची युक्तीही तिचीच. टाचणी टोळाच्या पाठीत मधोमध टोचत नाहीत, जराशी उजवीकडे टोचतात, म्हणजे डावी बाजू अभ्यासाला अख्खी राहते; हे एकदा सांगितल्यावर मी चुकले तर मायच ओरडायची, “उजव्या अंगानं टोच नं वं!”

बाबा डेपोत लाकडं मोजत आणि त्यावर ठसा मारत. जंगलाचे तोडीसाठी पाडलेले तुकडे असतात, त्यांना कूप म्हणतात. कुठल्या कुपातून कुठला ओंडका आला हे त्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याने उमटवायचं आणि वहीत चढवायचं, हे बाबांचं काम. हजारो ओंडके एका रंगाचे, एका जाडीचे. तो ठसा नसेल तर सगळे नुसती लाकडं. दर रविवारी कुपावर जाणाऱ्या ट्रकमध्ये ते मला पुढे बसवून नेत, आणि ते काम करत तोवर मी जाळी घेऊन गवतात. डेपोतल्या लोकांना ते अभिमानाने सांगत, “आमची नलू सरकारी कामासाठी नाकतोडे जमा करून राह्यली.” सरकारी कुठलं, पण बाबांच्या तोंडी ती बढती मिळून जायची.

आता माझ्या गुन्ह्याकडे येते. नाकतोडा पकडला की त्याच जागी, त्याच घडीला चिठ्ठी लिहायची असते: ठिकाण, तारीख, कोणी पकडला. हा या विद्येतला पहिला नियम. टोळ सुंदर असो की दुर्मीळ, चिठ्ठीशिवाय त्याला किंमत नाही. मला हे तोंडपाठ होतं, पण थांबून लिहिणं म्हणजे तेवढ्यात पुढचा टोळ उडून जाणार! मी कागदाच्या पुडीत किडा घालायची, पुडी पिशवीत टाकायची आणि धावायची. संध्याकाळी लिहीन, म्हणायची. बऱ्याचदा लिहायचीही. दिवाळीनंतर मावशीच्या नातवाचं बारसं होतं, म्हणून माय आणि मी सिरोंच्याला गेलो. वाटेत एका नाल्याजवळ गाडी पंक्चर झाली, तर मी तासभर नाल्याच्या रेतीत टोळांमागे पळत होते. सिरोंच्याला तर गोदावरीचा केवढा रेताड काठ. मावशीकडे चिंचेतलं माशाचं कालवण, आजूबाजूला सगळी तेलुगू बोलणारी माणसं. तिथल्या बायका नाकतोड्याला मिडता म्हणत आणि माझ्याकडे बघून तोंडाला पदर लावत. मी तीन दिवस पळत होते. पिशवीत किती पुड्या जमल्या हे मोजलं नाही, आणि एकाही पुडीवर काही लिहिलं नाही.

घरी आले तर सरांचं कार्ड येऊन पडलं होतं: पेटी आठ दिवसांत पाठव. मी सगळ्या पुड्या सैपाकघरात ओतल्या. आधीच्या रविवारच्या बिनचिठ्ठीच्या पुड्या, नाल्याच्या, नदीच्या, सगळ्या एकत्र. आठवून आठवून चिठ्ठ्या लिहू लागले. जिथे आठवेना तिथे अंदाज केला, आणि अंदाज लपावा म्हणून जास्त नेटकं लिहिलं. एका मातकट टोळाच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, ‘आलापल्ली, कूप नंबर सात, सागाचं दाट जंगल,’ आणि खाली दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारची तारीख. रविवार म्हणजे कूप, एवढाच हिशेब होता. अक्षर मोत्यासारखं काढलं. एकशे चाळीस टोळांची पेटी कापूस घालून नागपूरला रवाना केली आणि पुन्हा दारात जाऊन पोस्टमनची वाट बघू लागले.

उत्तर आलं ते तीन पानी. सरांनी मला तीन पानं लिहावीत! सगळं पत्र त्या एका टोळाबद्दल होतं. मागचा पंख गुलाबी, काळा पट्टा; हा वाळूत राहणाऱ्या घराण्यातला, तो सागाच्या दाट जंगलात कसा? हे खरं असेल तर या पोटघराण्याबद्दल आपण जे समजत होतो ते पुन्हा तपासावं लागेल. त्यावर ते लेख लिहायला बसले होते. लेखात माझं नाव येणार होतं. छापण्याआधी आणखी दोन-चार टोळ त्याच जागेवरून पकडावेत म्हणून ते स्वतः येत होते, आणि कामाचं म्हणशील तर ते तुझंच समज, असं शेवटी होतं. मी पत्र मायला वाचून दाखवलं, बाबांना दाखवलं, डेपोच्या चौकीदारालासुद्धा दाखवलं. आणि मग दुपारी भांडी घासताना एकदम मला ती रेती दिसली. पायाखालून काहीतरी भुर्रकन उडालं होतं, गुलाबी चमकलं होतं आणि पुन्हा खाली पडून रेतीत मिसळून गेलं होतं. माझे हात राखेत तसेच राहिले. सागाच्या जंगलात मी असलं काही कधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हाच पोस्टात जाऊन तार करायला हवी होती. मी केली नाही. मनाला सांगितलं, न जाणो, सातमध्येही असेल. आपण कुठे सगळं सात पालथं घातलंय? सर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शिवायला घ्यायची, टाकायची. विहिरीवर जायची, घागर तिथेच विसरून यायची. मायला वाटलं आनंदाने असं होतंय.

सर आले. रेस्ट हाउसला उतरले. वय पन्नाशीच्या पुढे, एक गुडघा आधीपासून दुखरा, डोक्याला रुमाल. तीन दिवस सकाळच्या ट्रकने आम्ही कूप नंबर सातला जात होतो. सर दहा-दहा पावलांच्या पट्ट्या पाडून गवत झोडपत, वाकून जमीन न्याहाळत, पुन्हा पुढे सरकत. टोळ कितीतरी मिळाले, तिरप्या तोंडाचे, हिरवे, ढालवाले. गुलाबी पंखाचा एकही नाही. दर वेळी मी म्हणायची, “सर, तिकडे बघू या का?” आणि सर खरंच तिकडे जायचे. दुसऱ्या दिवशी ते उतारावर घसरले आणि दुखऱ्या गुडघ्यावरच पडले. उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “तू नेमकी कुठे उभी होतीस ते आठव. सावकाश आठव.” मी बोट दाखवलं. कुठेतरी दाखवायचं म्हणून दाखवलं. आजही ते बोट मला माझ्या हातावर नकोसं वाटतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मायनं सरांना जेवायला बोलावलं. लाखोळीच्या डाळीचे वडे, नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी. “घ्या नं सर, आनखी एक वडा घ्या. रानात हिंडून हिंडून वाळून गेले तुमी,” म्हणत ती वाढत होती. सरांनी बाबांना विचारलं, “भाऊ, सातमध्ये रेताड जागा कुठे आहे?”

“सातमध्ये?” बाबा म्हणाले. “सातमध्ये मुरूम हाय सर, लाल माती हाय. रेती नाई.”

“पण टोळ तर तिथलाच आहे.” सरांनी खिशातून छोटी डबी काढली, त्यातली चिठ्ठी वाचली. ठिकाण वाचलं, मग तारीख वाचली, दिवाळीनंतरचा रविवार.

बाबांचा घास हातात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाकडाच्या तारखा डोक्यात ठेवणारा माणूस तो. त्या रविवारी मी कुठे होते हे त्यांना बोटं न मोजता कळलं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि रिकामा नसतानाही भरायला गेले. परत आले तेव्हा बाबा सरांना भाताबद्दल काहीतरी सांगत होते.

सर आराम करायला गेले. बाबांनी मला डेपोत बोलावलं. ओंडक्यांच्या थप्पीआड ते हातोडा घेऊन उभे होते, मारत मात्र नव्हते.

“त्या इतवारी तू सिरोंच्याले होती.”

“हो.”

“मंग सात काऊन लिहिलं?”

“आठवत नव्हतं बाबा. पेटी पाठवायची घाई होती.”

“आठवत नव्हतं त मोकळं सोडाचं. माझ्या कुपाचं नाव कायले टाकलं?” त्यांचा आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. “मी इथी दहा जनाले सांगून बसलो, माझ्या सातमध्ये पोरीनं नवलाचा नाकतोडा धरला म्हनून. तो मानूस लंगडून राह्यला तुझ्यापायी. जेवाच्या पाटावर बोललो नाई, तुझी माय होती. आता तू सांगतेस का मी सांगू?”

“काम जाईल बाबा,” मी म्हणाले आणि रडायला लागले. मला दुसरं काही खरंच दिसत नव्हतं, फक्त ते काम.

“जाईल,” बाबा म्हणाले. “तू सांगतेस का मी सांगू?”

मी तशीच चालत रेस्ट हाउसला गेले. सर व्हरांड्यात पाय लांब करून गुडघ्याला काहीतरी चोळत होते. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, सिरोंचा, नाला, पुड्या, रविवारचा हिशेब. मला वाटलं होतं ते ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तेलाची बाटली बंद केली, हात पुसले आणि एकच प्रश्न विचारला.

“बाकीचे किती?”

मला कळेना.

“ज्यांच्या चिठ्ठ्या तू अशा लिहिल्यास, ते किती?”

मी तोवर फक्त त्या एकाच टोळाचा विचार करत आले होते. “माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

सरांनी खोलीतून माझी पेटी आणली. ती त्यांनी नागपूरहून बरोबर आणली होती. व्हरांड्यातल्या टेबलावर ती उघडून ते म्हणाले, “बस. एकेक घे. ज्याची शपथ घेशील तो ठेव.” संध्याकाळपर्यंत मी बसले. आयुष्यात तेवढा वेळ मी एका जागी बहुतेक पहिल्यांदाच बसले असेन. एकेक टोळ हातात घ्यायचा आणि स्वतःला विचारायचं, हा मला आठवतो, की आठवतो असं वाटतं? एकशे चाळीसांपैकी सव्वीस उरले. बाकीचे सरांनी वर्तमानपत्रात घेतले आणि पायऱ्यांखाली मातीत टाकले. तिरप्या तोंडाचे, रुईवरचे, मायनं उजव्या अंगाने टोचायला लावलेले, सगळे. मला इतकी लाज वाटली की त्या मातीकडे बघवेना.

डबीतला गुलाबी पंखाचा तेवढा टेबलावर राहिला होता. “हा कुठला?” सरांनी विचारलं.

“सिरोंच्याचा असावा, सर. नदीकाठचा.”

“असावा? रेती नाल्यातही होती म्हणालीस.”

“हो.”

“जातानाचा की येतानाचा?”

“आठवत नाही.”

त्यांनी कोरी चिठ्ठी आणि पेन पुढे सरकवलं. “मग तसं लिही.” मी लिहिलं, ठिकाण माहीत नाही. तारीख माहीत नाही. तिसऱ्या ओळीशी माझा हात अडला. “सर, नाव लिहायलाच पाहिजे?” त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मी नाव लिहिलं, आडनावासकट. सरांनी जुनी चिठ्ठी फाडली, नवी त्याच टाचणीत ओवली आणि तो टोळ माझ्या पेटीत न ठेवता स्वतःच्या पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते गेले. लेख छापला गेला नाही. ते काम त्या वर्षी अमरावतीच्या एका मुलीला मिळालं, आणि मी महिनाभर तिच्यावर जळत राहिले. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं.

पुढे काही वर्षांनी सरांनीच मला एम.एस्सी.ला हाताखाली घेतलं, आणि नंतर चंद्रपूरला मी जन्मभर हाच विषय शिकवला. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या पेट्या आमच्या कॉलेजात आल्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी पहिल्या वर्षाच्या पोरांना त्यातली एक उघडून दाखवत होते. मूल गावाकडची एक चुणचुणीत मुलगी वाकून चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होती, आणि एकीवर ती थबकली.

“मॅडम, याचं ठिकाण माहीत नाई लिहिलं हाय. तारीख पन नाई. अन् नाव...” तिनं वर पाहिलं. “नलिनी वासेकर म्हनजे तुमीच का?”

“मीच.”

वर्गात खसखस पिकली. तिला हसावं की नाही कळेना. “मंग हा ठेवला कायले मॅडम? असा त फेकून द्याचा असते म्हनले नं तुमी?”

“त्याच्यावर लिहिलंय ते सगळं खरं आहे म्हणून,” मी म्हणाले.